काम नसेल तर लग्न करा!

एखादा नट किंवा नटी दोन-चार वर्षं पडद्यावरून गायब होते. मग एकदम बातमी येते. सिनेमाची नव्हे हं! 'अमक्याबरोबर दिसली', 'तमक्याशी बिनसलं'. आणि फोटोग्राफर मंडळी विमानतळावर नेमकी वेळेवर हजर. बऱ्याचदा त्यांना आधीच निरोप गेलेला असतो, हे आता शेंबड्या पोरालाही कळतं.

टीव्हीने तर याचा रीतसर धंदाच केला. २००९ मध्ये एनडीटीव्ही इमॅजिनवर 'राखी का स्वयंवर' झालं. सिनेमाने राखी सावंतला आयटम साँगपलीकडे फारसं काही दिलं नव्हतं, टीव्हीने थेट नवरा शोधून द्यायचं ठरवलं! टोरांटोचा मुलगा निवडला, साखरपुडा झाला आणि काही महिन्यांत मोडलाही. २०१० मध्ये 'बिग बॉस'च्या घरात मालिकांमधल्या एका जोडीचं लग्नच लावलं. तेही टिकलं नाही.

आता कोणी म्हणेल, नटांनी काय संसार लपवून ठेवायचा? मुळीच नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'नच बलिये'चं पहिलं पर्व आपल्या सचिन-सुप्रियाने जिंकलं. जोडी म्हणूनच आले, नाचले, जिंकले. पण त्यांचं लग्न १९८५ चं. नातं आधी, कॅमेरा नंतर. फरक एवढाच, पण सगळा त्यातच आहे.

सिनेमा पडला तर माणूस पुढचा सिनेमा करतो. नात्याचाच सिनेमा केला आणि तो पडला, तर घरी जाऊन करायचं काय? आणि समोरचा माणूस? उद्या तो खरोखर कोणाशी लग्न करायला निघाला, तर इंटरनेटवरचे ते व्हिडिओ कोण पुसणार?

नीना गुप्ताचं उदाहरण बघा. तिच्या खाजगी आयुष्यावर ऐंशीच्या दशकापासून छापून येत होतं. विकायला भरपूर मसाला होता. पण २०१७ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिने इन्स्टाग्रामवर सरळ लिहिलं की मी मुंबईत आहे, चांगली अभिनेत्री आहे, चांगल्या भूमिका हव्यात. २०१८ मध्ये 'बधाई हो' आला, २०१९ मध्ये फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार. काम मागितलं, काम मिळालं.

अर्थात, प्रत्येकाच्या नशिबी 'बधाई हो' नसतो. चाळिशीनंतर नट्यांना आईच्या भूमिका आणि त्यांच्याच वयाचे हिरो मात्र अजून कॉलेजात, अशा धंद्यात काम मागूनही मिळत नाही. तेव्हा शिव्या फक्त नटांना घालून भागणार नाही.

आणि आपण? 'शी, काय हे!' म्हणत बातमी उघडतोच ना? मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून सांगतो. क्लिक मोजणाऱ्या प्रोग्रॅमला तुमच्या कपाळावरची आठी दिसत नाही. नाक मुरडून उघडलेलं पान आणि आवडीने उघडलेलं पान, मोजणीत दोन्ही सारखंच. त्या आकड्यावर पुढचं 'स्वयंवर' ठरतं.

असो. या वीकेंडला एखाद्या विसरलेल्या नटाचा जुना सिनेमा बघा. त्याच्या ब्रेकअपची बातमी राहू दे.