शिळेवरील आकडा

महाराष्ट्रातील पुष्कळ खेड्यांत एक लहानशी कोरीव शिळा आढळते. १९१४ ते १९१९ या काळातील महायुद्धात त्या गावातून किती माणसे गेली व त्यांपैकी किती कामी आली, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. नाव बहुधा एकाचेही नसते. अशा आकड्यापुढे मान लवते. परंतु अंतःकरण हलत नाही.

आकड्यामागे काय दडलेले असते, हे दुसऱ्या महायुद्धातील एका प्रसंगावरून कळेल. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचा नामदेव जाधव हा मराठा पलटणीतील एक साधा शिपाई. कंपनीचे निरोप पोहोचविणे हे त्याचे काम. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदी ओलांडताना शत्रूने गोळ्यांचा वर्षाव केला. सोबतचे काही ठार झाले, काही घायाळ झाले. नामदेवने एका जखमी सोबत्याला उचलले आणि खोल पाण्यातून, उंच दरडीवरून, पेरलेल्या सुरुंगांमधून सुरक्षित जागी नेले. मग तो पुन्हा परतला आणि दुसऱ्यालाही घेऊन आला. त्यानंतर तिसऱ्यांदा नदीपार जाऊन, हाताला गोळी लागली असताही, त्याने शत्रूच्या मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. या पराक्रमाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या वेळी त्याचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

ते युद्ध परकीय राज्यकर्त्यांचे होते, मग त्यातील शिपायांचे स्मरण कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. १९३९ साली हिंदुस्थानला युद्धात ओढले गेले, ते येथील लोकनेत्यांना न विचारता. तथापि त्याचा जाब राज्यकर्त्यांना विचारावयाचा, शिपायाला नव्हे. त्या युद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक होते. कोणी घराण्याच्या परंपरेने भरती झाला, तर कोणी पोटासाठी. सोबत्याला पाठीशी न टाकण्याची नामदेवची माणुसकी ही कोणा सरकारची देणगी नव्हती; ती त्याची स्वतःची होती.

जे कामी आले, त्यांच्यासाठी निदान शिळा तरी उभ्या राहिल्या. जे परतले, ते मात्र शेतीभातीत मिसळून गेले आणि त्यांच्या आठवणी बहुतेक त्यांच्याबरोबरच संपल्या. सेनापतींच्या नकाशांवरून युद्धाचा अर्धाच इतिहास लिहिला जातो. उरलेला अर्धा शिपायापाशी असतो. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत लढलेले सैनिक आज वृद्ध झाले आहेत. त्यांच्यापाशी विजयाच्या गोष्टी आहेत, तशीच हिमालयातील थंडी, मनातले भय आणि गमावलेल्या मित्रांची दुःखेही आहेत. ज्या गावची मुले त्यांच्याजवळ बसून हे सारे ऐकतील आणि नावानिशी वहीत उतरवून ठेवतील, त्या गावच्या शिळेवर पुढे नुसता आकडा उरणार नाही.