पाच रुपयांचं पाकीट आईशी मराठीत कधी बोलणार?

आज भिवंडी-वाडा रस्त्यावर लिहीत नाहीये. खड्डे आहेत तिथेच आहेत, ते कुठे पळून जात नाहीत. आज लिहायचंय ते आपल्या मुलांच्या हातातल्या पाच रुपयांच्या पाकिटावर.

अंबाडी नाक्यावरच्या कुठल्याही किराणा दुकानात बघा. गल्ल्याच्या वर लड्या लटकलेल्या असतात. वेफर्स, मसाल्याच्या काड्या, रिंगा आणि चीज फ्लेवरची खारी बिस्किटं, क्रॅकर्स. पाड्यावरच्या ज्या टपरीत दूध मिळत नाही, अंडं मिळत नाही, तिथेही ही लडी असतेच. पिवळंधमक पाकीट आणि त्यावर भोकंवाला चीजचा तुकडा. वाचता न येणाऱ्या पोरालाही ते चित्र कळतं.

चीजच्या चवीचा खारा खाऊ आपल्याकडे नवीन नाही. पारलेने चीजलिंग्ज १९५६ साली बाजारात आणलं. पण तेव्हा असल्या वस्तू पाहुणे आले की बशीत निघायच्या. आता त्या सकाळी चहाबरोबर, दुपारी मधल्या सुट्टीत आणि संध्याकाळी आई कामावरून येईपर्यंत भूक मारायला खाल्ल्या जातात. फरक इथे आहे.

आता पाकीट उलटं करा. कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे जास्त ते आधी. बहुतेक पाकिटांवर पहिला मैदा, मग पामतेल, मग साखर, मीठ वगैरे. चीज पावडर बरीच मागे, आणि तिची टक्केवारी बऱ्याचदा एक आकडी. काही पाकिटांवर तर चीज नाहीच, नुसता चीजचा ‘फ्लेवर’. म्हणजे पुढे चित्र ज्याचं, ते आत नावापुरतं किंवा वासापुरतं.

मग येतात ते आकडे, ज्यांच्यावरून व्हॉट्सॲपवर दर महिन्याला घबराट पसरते. ६२७ आणि ६३१ म्हणजे डुकराची चरबी, असा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ते खरं नाही. ही चव वाढवणारी द्रव्यं आहेत, चरबी नाही. घटक प्राण्यापासून घेतला असेल तर पाकिटावर हिरव्या ठिपक्याऐवजी मांसाहाराची तपकिरी खूण लागते. ५०० आणि ५०३ हे फुगवण्यासाठी, आपल्या खायच्या सोड्याच्या जातीचे. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबातला आंबटपणा. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं. ६२१ म्हणजे ज्याला आपण अजिनोमोटो म्हणतो ते. हे सगळे परवानगी असलेले पदार्थ आहेत. मर्यादेत वापरले तर विष नाहीत.

रंगांकडे मात्र जरा लक्ष द्या. १०२ आणि ११० हे पिवळे-केशरी कृत्रिम रंग. आपल्याकडे ते मर्यादेत चालतात. युरोपात २०१० पासून हे रंग असलेल्या खाद्यपदार्थांवर ‘मुलांच्या एकाग्रतेवर आणि वागण्यावर परिणाम होऊ शकतो’ असा इशारा छापावा लागतो. तिथल्या आईला जे सांगितलं जातं, ते आपल्या आईला का नाही, एवढाच प्रश्न.

पण खरं सांगू का, मोठा मुद्दा हे आकडे नाहीतच. मोठा मुद्दा मीठ, तेल, मैदा आणि रिकामं पोट.

मिठाचा हिशोब सोपा आहे. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ. समजा १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय, म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, मुलांना त्याहून कमी. २५ ग्रॅमच्या एका पाकिटातून अर्धा ग्रॅम गेलं. एकाने काही होत नाही, बरोबर. पण दिवसाला तीन झाली तर दीड ग्रॅम झालं, आणि घरचं कालवण, लोणचं, सुकट अजून बाकीच आहे. शिवाय जीभ लहानपणीच त्या चवीला लागली, की घरची भाजी अळणी लागते. मग ‘आमचा बाळ्या जेवतच नाही’ ही तक्रार सुरू.

आता पैशाचा हिशोब. पाच रुपयांत २० ग्रॅम धरले, तर किलोला २५० रुपये झाले. शेंगदाणे त्यापेक्षा बरेच स्वस्त मिळतात, आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात सात-आठ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा. पाकिटात मात्र नावाला दीड-दोन. गरिबाला स्वस्त म्हणून विकलेली वस्तू प्रत्यक्षात महाग आहे, फक्त पाच-पाच रुपयांत कापून दिली म्हणून कळत नाही.

इथे लगेच कोणी म्हणेल, आयांनाच अक्कल नाही. हे मला मान्य नाही. जी बाई पहाटे वीटभट्टीवर जाते किंवा गोदामात बारा तास उभी असते, तिच्यासाठी हे पाकीट तयार आहे, सांडत नाही, नासत नाही आणि पोराचं रडणं थांबवतं. आणि ती वाचायला गेली तरी वाचणार काय? आपल्या देशातल्या नियमानुसार पाकिटावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की पुरे. मराठी ऐच्छिक. जवळपास सगळे इंग्रजीत छापतात, तेही मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. मराठी पाट्यांसाठी आपण दुकानं फोडायला निघतो. पाकिटावरच्या मराठीसाठी कोणी ब्र काढत नाही.

शब्दांचं महत्त्व सरकारला कळत नाही असं नाही. २०२३ मध्ये अहमदनगरजवळच्या केडगावात मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानाचा परवाना आपल्या अन्न व औषध प्रशासनाने निलंबित केला होता. आक्षेप हाच, की नावात चीज आहे पण वापरलेला पदार्थ चीजसारखा पर्याय आहे. कंपनीने काही पदार्थांच्या नावातून चीज शब्द काढला. आम्ही खरंच चीज वापरतो असंही तिने ठामपणे सांगितलं आणि पुढे केंद्रीय प्राधिकरणाने ते मान्य केल्याचं जाहीर केलं. खरं-खोटं त्यांचं त्यांना लखलाभ. पण एका शब्दावरून एवढं होऊ शकतं, तर पाच रुपयांच्या पाकिटावरच्या चित्राला कोणीच का विचारत नाही?

आता २०२५ सालचा सरकारी कारभार बघा. जानेवारीच्या अखेरीस आर्थिक पाहणी अहवाल आला. त्यात केंद्र सरकारच्याच अर्थतज्ज्ञांनी अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांवर कर वाढवण्याचा विचार करावा आणि पाकिटाच्या पुढच्या बाजूला स्पष्ट माहिती द्यावी, असं सुचवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवला, लोकवर्गणीतून बघा म्हणाले. आणि २२ सप्टेंबरपासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, पाकीटबंद नमकीनवरचा १२ वरून ५. म्हणजे शाळेतलं अंडं लोकांच्या वर्गणीवर आणि लडीवरचं पाकीट सवलतीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली होती. त्या राज्यात हा कारभार.

पाकिटाच्या पुढे इशारा छापायचा विषयही असाच लोंबकळतोय. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने चांदण्यांचा मसुदा आणला, सिनेमाला देतात तशा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. जुलैत मुदत वाढली. चिलीसारख्या देशात २०१६ पासून पाकिटावर काळा अष्टकोनी शिक्का असतो: ‘मीठ जास्त’, ‘साखर जास्त’. अक्षर न वाचणाराही शिक्के मोजू शकतो. आपल्याला चांदण्या नकोत, असा शिक्का हवा.

दिल्लीचं दिल्लीत होईल तेव्हा होईल. इथे काय करता येईल?

एक. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ मुलांना विकायचे नाहीत, असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. तो आपल्या शाळा, आश्रमशाळांबाहेर पाळला जातोय का, हे शाळा व्यवस्थापन समितीने टेप घेऊन बघावं. समितीत पालक असतातच.

दोन. टपरीवाल्याच्या पोटावर पाय नको. त्याला ग्रामपंचायतीने बोलावून सांगावं, लडीशेजारी चिक्की, भाजके शेंगदाणे, उकडलेली अंडी, केळी ठेव. विकली जातात की नाही, महिनाभर बघू. बचत गटांनी माल द्यायला पुढे यावं.

तीन. ग्रामसभेत ठराव घ्या: महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांच्या पाकिटावर मराठी सक्तीची करा, आणि शाळेतल्या अंड्याचा निधी परत द्या. ठरावाची प्रत आमदार-खासदारांना हातात द्या, फोटो काढा, पोच घ्या.

हे पाकीट आपल्याच तालुक्यात ओळखीचं आहे. माणकोली, काल्हेर, पूर्णाच्या गोदामांत अशा मालाच्या थप्प्या लागतात, आपली पोरं ते खोके चढवतात-उतरवतात. बापाने उचललेल्या खोक्यात काय आहे, हे त्याच्या घरात कोणाला तरी वाचता यायला हवं. मागणी एवढीच आहे आणि ती फार मोठी नाही.