गोदाकाठी पायी चालणाऱ्याचे काय?

सिंहस्थ जवळ आला की नाशकात रस्त्यांची भाषा सुरू होते. आगामी पर्वाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात असे जाहीर झाल्यापासून बाह्यवळण मार्ग, उड्डाणपूल, वाहनतळ यांच्या योजनांनी वृत्तपत्रांचे रकाने भरले. या योजना अनावश्यक आहेत असे कोणी म्हणणार नाही. लक्षावधी माणसे ज्या गावात उतरावयाची, त्या गावाला रस्ते हवेतच. परंतु एक साधी गोष्ट या सगळ्या आराखड्यांत हरवते. वाहन कितीही मोठे असो आणि वाहनतळ कितीही प्रशस्त असो, रामकुंडाची शेवटची वाट प्रत्येकाला स्वतःच्या पायांनीच चालावी लागते. ती वाट सोपी आहे काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

या उपेक्षेची किंमत नाशिकने एकदा मोजलेली आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी, शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौकातील अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. त्या दिवशी माणसे मेली ती वाहनांखाली सापडून नव्हेत. पायी चालणाऱ्यांच्या वाटेचा पुरेसा विचार झालेला नव्हता म्हणून ती मेली. २०१५ च्या सिंहस्थात मार्ग बदलले, गर्दी विभागली आणि पर्व निर्विघ्न पार पडले. म्हणजे विचार केला तर मार्ग निघतो, हेही सिद्ध झाले. प्रश्न एवढाच की, हा विचार बारा वर्षांतून एकदाच का व्हावा?

नाशिक हे मुळात पायी पाहण्याचे शहर आहे. त्याचा इतिहास एवढ्या थोड्या जागेत एकवटलेला आहे की, सवडीने निघालेला माणूस तो एका सकाळी पाहू शकतो. रविवार कारंजावरून निघावे. नदीच्या काठावरचे सुंदरनारायणाचे अठराव्या शतकातील मंदिर पाहून अहिल्यादेवी होळकर पुलावर यावे. १८९५ साली खुला झालेला हा पूल जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही व्हिक्टोरिया पूलच आहे. पूल ओलांडला की पंचवटी लागते. खाली रामकुंड, त्याच्या अंगाला गांधी तलाव आणि पायऱ्या चढून गेल्यावर कपालेश्वर, ज्याच्यासमोर नंदी नाही म्हणून प्रत्येक नाशिककर पाहुण्याला आवर्जून सांगतो. तेथून काही मिनिटांच्या अंतरावर काळाराम मंदिर आणि सीतागुंफा. परतताना नारोशंकराचे मंदिर व त्यावरील घंटा पाहावी. वसईच्या मोहिमेनंतर आलेली ही पोर्तुगीज घंटा गोदाकाठी टांगली गेली आणि नाशिकची झाली. मग पात्रातील दुतोंड्या मारुतीला नमस्कार करून गाडगे महाराज पुलावरून सराफ बाजाराकडे वळावे आणि पेशवेकालीन सरकारवाड्यापाशी थांबावे. ही सारी फेरी सुमारे अडीच किलोमीटरांची. शाळेतील मुलाला ती जड नाही आणि निवृत्त कारकुनालाही जड होऊ नये.

पण ती जड होते. पदपथ जेथे आहे तेथे तो सलग नाही. जेथे सलग आहे तेथे त्यावर दुचाकी उभी आहे. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या, त्यांना धरावयास कठडा क्वचितच. कोणत्या वळणावर काय आहे आणि तेथवर चालत जाण्यास किती वेळ लागतो, हे सांगणारा फलक शोधावा लागतो. उन्हात बसावयास सावलीतला बाक नाही. स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह कोठे आहे, हे विचारण्याचा संकोच तर वेगळाच. चाकांच्या खुर्चीवरील माणसाने या वाटेला जाऊच नये, असेच जणू आपण ठरवून टाकले आहे. तरुण, निरोगी आणि घाईत असलेल्या माणसाला या अडचणी जाणवत नाहीत. गाव मात्र केवळ अशाच माणसांचे नसते.

सोपी वाट म्हणजे सत्तरीच्या आजींना कोणाचाही हात न धरता चालता येईल अशी वाट. हा निकष आम्ही मनाने काढलेला नाही. पदपथ किमान १.८ मीटर मोकळा असावा, असे भारतीय रस्ते परिषदेचे, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते. अपंग व्यक्तींना सार्वजनिक जागी निर्वेध वावरता यावे, हे २०१६ च्या कायद्याने बंधनकारक केलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर मे २०२५ मध्ये, पदपथावरून सुरक्षितपणे चालण्याचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. तेव्हा चांगली पायवाट हे नगरपालिकेने नागरिकांवर केलेले उपकार नव्हेत. ते तिचे देणे आहे.

वाटेवरून चालण्याच्या हक्काची गोष्ट नाशिकला नव्याने सांगावी लागू नये. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या खांद्याला खांदा लावून हजारो स्त्री-पुरुष याच गल्ल्यांतून काळाराम मंदिराच्या दाराशी चालत आले आणि त्यांना दारे बंद दिसली. तो सत्याग्रह सुमारे पाच वर्षे चालला. त्यामागचा प्रश्न देवदर्शनापुरता नव्हता. जे सर्वांचे आहे तेथे सर्वांना पाऊल ठेवता आले पाहिजे, हा तो प्रश्न होता. त्या अन्यायाची आणि आजच्या गैरसोयीची तुलना करणे अनुचित ठरेल. परंतु त्या लढ्याने शिकवलेले सूत्र आपण विसरू नये. सार्वजनिक जागा कोणासाठी खुली आहे, यावरून समाजाची पारख होते. आज काळारामाच्या पूर्व दरवाजाशी उभे राहून एखाद्या शिक्षकाने मुलांना हा इतिहास सांगावयाचे ठरविले, तर त्याला प्रथम मुलांना वाहनांपासून वाचवावे लागते. इतिहासाचा पाठ रस्त्यावर देता येत नसेल, तर तो पुस्तकातच मिटून राहतो.

यावर काही आक्षेप घेतले जातील. वाहने थांबविली तर व्यापार बुडेल, असे दुकानदार म्हणतील. त्यांची भीती अगदीच निराधार नाही. मालाची ने-आण व्हावयास हवी आणि घरोघरी रुग्णवाहिकाही पोहोचावयास हवी. परंतु माल पहाटे व रात्री उतरविता येतो आणि धावत्या वाहनातून कोणी खरेदी करीत नाही. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढते ते चालूनच. दुसरा आक्षेप फेरीवाल्यांविषयीचा. पदपथ मोकळे करावयाचे म्हटले की पहिला दंडुका फुलवाल्या मावशींच्या टोपलीवर पडतो आणि शेजारी उभी असलेली मोटार तशीच राहते. हा न्याय नव्हे. फेरीवाल्यांना जागा नेमून देण्याची तरतूद २०१४ च्या कायद्यात आहे. तिची अंमलबजावणी करावी. घाटावर फुले, प्रसाद आणि तांब्याचे गडू विकणारी माणसे ही त्या वाटेचा भाग आहेत, अडथळा नव्हेत.

तिसरा आक्षेप नदीचाच. काठावर काही बांधले तर पुरात ते टिकत नाही. हे खरे आहे. १९६९, २००८, २०१६, २०१९ या वर्षांचे पूर नाशिककरांच्या स्मरणात आहेत, आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची येथील रीत आजही मोडलेली नाही. म्हणूनच नदीच्या पात्रात सिमेंट ओतून मार्ग काढणे हा उपाय नव्हे. प्राचीन कुंडांच्या तळाशी घातलेले काँक्रीट काढा, अशी मागणी येथील नागरिकांनी वर्षानुवर्षे केली ती उगीच नव्हे. पाणी वाढेल तेव्हा वाट पाण्याखाली जावी आणि ओसरल्यावर धुऊन पुन्हा वापरता यावी, ही आपल्या दगडी घाटांची जुनीच युक्ती आहे. तिला कठडे, दिवे आणि नियमित साफसफाई यांची जोड दिली तरी पुष्कळ साधेल.

सावलीचेही तसेच. गाडगे महाराज पुलापासून तपोवनात कपिला संगमापर्यंत जाणारी वाट सपाट आहे. वृद्धांना आणि मुलांना याहून सोयीची वाट शोधून सापडणार नाही. ती रम्य आहे ती झाडांमुळे. साधुग्रामासाठी तपोवनातील वृक्ष तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा २०२५ च्या अखेरीस शहरभर जो विरोध झाला, त्याला भावनेइतकाच व्यवहाराचाही आधार होता. पायी येणाऱ्या यात्रेकरूसाठी जे करावयाचे त्यासाठी त्याच्याच डोक्यावरची सावली काढून घेण्यात कोणते शहाणपण आहे?

तेव्हा मागणे फार मोठे नाही. रविवार कारंजा ते काळाराम ते सरकारवाडा आणि तेथून तपोवन, या दोन वाटा महापालिकेने प्रथम हाती घ्याव्यात. त्यांवरील पदपथ सलग करावा, उतारावर कठडे बसवावेत, चढणीला पायऱ्यांच्या जोडीने उतरंड द्यावी, दर काही अंतरावर पाणी, बाक व स्वच्छतागृह असावे आणि मराठीत स्वच्छ फलक लावावेत. रविवारी सकाळी तरी तेथे वाहने येऊ नयेत. याला उड्डाणपुलाच्या खर्चाचा अंशही लागणार नाही. कदाचित म्हणूनच ते होत नसावे; ज्या कामाचे उद्घाटन थाटात करता येत नाही, त्याला आपल्याकडे वाली मिळत नाही.

नागरिकांचेही काही कर्तव्य आहे. पदपथावर आपली दुचाकी लावून पुढे महापालिकेच्या नावाने बोटे मोडणारे आपणच असतो. शिक्षकांनी वर्षातून एकदा मुलांना ही फेरी घडवावी, विद्यार्थ्यांनी वाटेवरील अडचणींची यादी करून नगरसेवकांच्या हाती द्यावी आणि उत्तर येईपर्यंत ती मागत राहावे. सिंहस्थ येईल आणि जाईल. तंबू उठतील, वाहनतळ पुन्हा मोकळे पडतील. त्यानंतरही रोज सकाळी एखादे वृद्ध जोडपे गोदेच्या दर्शनाला निघणारच आहे. त्यांचे पाऊल निर्धास्त पडले तरच कोट्यवधींचा हा खर्च सार्थकी लागला, असे म्हणता येईल.