कडेचा कायदा

पडद्यावर दोन रंगीत बाहुल्या एकमेकींवर आदळताना पाहून आपल्याकडील वडीलधारी मंडळी व्हिडिओ गेमला बोटांची निरर्थक धावपळ म्हणतात, आणि ज्यांनी तो ओझरताच पाहिला त्यांना त्यात दुसरे काही दिसणे शक्यही नाही. परंतु जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २००१ साली बाजारात आणलेला आणि अमेरिका-युरोपातील स्पर्धांत आजही ईर्ष्येने खेळला जाणारा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ हा खेळ ज्याने सावकाश बसून पाहिला असेल, त्याच्या ध्यानात येईल की हा सारा तंटा जमिनीचा आहे, आणि तलाठ्याच्या दप्तरात वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या बांधाच्या वादांप्रमाणे येथेही निकाल बहुधा प्रत्यक्ष वहिवाट कोणाची यावरूनच लागतो.

याचे कारण खेळाच्या घडणीतच आहे. इतर द्वंद्वखेळांत प्रत्येक घावासरशी प्रतिस्पर्ध्याचे आयुष्य घटते आणि ते शून्यावर आले की तो संपतो. येथे आघाताचा आकडा शून्य टक्क्यांपासून वर चढत जातो. तो जितका मोठा तितका योद्धा पुढल्या तडाख्याने दूर भिरकावला जातो, पण मरण येते ते मंचाभोवतीची अदृश्य हद्द ओलांडल्यावरच. त्यामुळे दीडशे टक्क्यांनी जर्जर झालेला योद्धा मध्यावर सुखरूप राहू शकतो, आणि अवघ्या तीस टक्क्यांचा, कडेबाहेर गाठला गेला तर, हकनाक जातो.

मध्यावर उभ्या असलेल्याला दोन्ही अंगांनी माघारीची मुभा असते. कडेशी रेटला गेलेल्याच्या पाठीशी पोकळी असते, आणि उडी, लोळण, ढाल किंवा प्रतिहल्ला एवढेच मार्ग उरल्यामुळे त्याचा मनोदय समोरच्याला आधीच वाचता येतो. म्हणूनच निष्णात खेळाडू एकदा मध्य हाती आला की बराच वेळ काहीच करीत नाही असे नवख्याला वाटते. तो पाऊलभर पुढे सरकतो, पाऊलभर मागे येतो, आणि तेवढ्यात समोरच्याची जागा वीतभर आखूड झालेली असते. मार्थ नामक तलवारबहाद्दराची तर सारी मदार या अंतरावरच आहे, कारण त्याच्या तलवारीचे टोक लागले तर घाव जबर बसतो आणि तेच पाते मुठीजवळ लागले तर पुष्कळच सौम्य. ज्याच्यापाशी मागे सरायला जागा नाही त्याला ते अंतर राखता येणार कसे?

मला आज लिहावयाचे आहे ते मात्र कडेविषयी. ‘मेले’मध्ये मंचाची कड एका वेळी एकालाच धरता येते. दुसऱ्याने ती आधी धरली असेल तर खालून येणाऱ्याचा हात रिता राहतो, आणि त्यावर अपील नाही. फॉक्स हा कोल्हा मंचाबाहेर फेकला गेला आहे, त्याची हवेतली उडी खर्ची पडली आहे, असे समजा. परतण्यासाठी तो अंगाभोवती ज्वाळा पेटवतो, परंतु झेप घेण्यापूर्वी अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ त्याला तसेच अधांतरी थांबावे लागते. तेवढा अवधी मार्थला पुरतो. तो पाठमोरा घसरत येऊन कड पकडतो, आणि पकडल्यानंतर काही क्षण त्याला कोणताही आघात बाधत नाही. फॉक्सने मंचावर उतरावे तर उतरल्यावर तो क्षणभर बधिर असतो आणि मार्थ वर येऊन तलवार चालवतो. कडेकडे झेपावावे तर कड अडलेली, आणि खाली पोकळी. चार जिवांपैकी एक जीव अशा रीतीने एकही ठोसा न बसता जातो.

नवोदितांना हा अन्याय वाटतो. २०१४ सालच्या आवृत्तीत निर्मात्यांनी हा कायदा रद्दच केला: मागाहून येणाऱ्याने कड धरली की आधीचा आपोआप बेदखल होतो. हेतू उदार असावा. पण जी जागा कोणाही आगंतुकापुढे सोडावी लागते, तिच्या कबजाला किंमत ती काय राहिली? नव्या कायद्याने काही साधलेच नाही असे मी म्हणणार नाही. २०१८ च्या ‘अल्टिमेट’मध्ये कडेवरून वर येणाऱ्याचे चार-पाच मार्ग मंचावर उभ्या उभ्या राखून धरणे हे एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे, आणि ते पाहण्यासारखे आहे. मला तरी त्यात ‘मेले’ची धार आढळत नाही. अर्थात २००८ च्या ‘ब्रॉल’पेक्षा ते कितीतरी बरे, तेथे धावू लागलेला योद्धा केवळ दैववशात् अडखळून पडे, म्हणजे पायाखालच्या जमिनीचीही शाश्वती नव्हती.

जुन्या कायद्याविरुद्धची खरी तक्रार वेगळीच आहे. कड पुन्हा पुन्हा धरली की अभय पुन्हा पुन्हा मिळते, आणि एखाद्याने ठरवलेच तर तो सामन्याची आठ मिनिटे तेथेच काढू शकतो. २०१६ साली लास व्हेगासच्या इव्हो स्पर्धेत स्वीडनच्या आर्माडाला हरवणारा हंग्रीबॉक्स जिग्लीपफ हे गुबगुबीत पात्र घेऊन अशाच सबुरीने खेळे, आणि प्रेक्षकांना ती सबुरी इतकी असह्य झाली की २०१९ साली एका स्पर्धेत विजयानंतर कोणी त्याच्या दिशेने चक्क खेकडा भिरकावला. असल्या असभ्यपणाचे समर्थन होऊ शकत नाही. पण कंटाळा खरा होता, आणि त्याचा बंदोबस्त स्पर्धा भरवणाऱ्यांनी आपल्या अखत्यारीत केला: वेळ संपून निकाल लावायची पाळी आली, तर ठरावीक संख्येहून अधिक वेळा कड धरणाऱ्यास पराभूत मानावे, असा नियम अनेक ठिकाणी झाला. एकोणतीस मंचांपैकी सहाच स्पर्धामान्य ठरवले तेही त्यांनीच. त्यांतील योशीच्या मंचाखालून ठरल्या वेळी जाणारा ढगसुद्धा त्यांनी तसाच राहू दिला, कारण जाणते खेळाडू तो आता कोठे असेल हे घड्याळावरून सांगू शकतात. निर्मात्यांकडे दाद न मागता त्यांनी हे सारे निभावले, आणि पुढील आवृत्तीची आखणी करणाऱ्यांनी कडेचा जुना कायदा परत आणून त्याच्या गैरवापराचा निवाडा याच लोकांवर सोपवावा, अशी माझी सूचना आहे.