शस्त्रक्रिया झाली, खेळाचे काय?

मालेगाव (जि. वाशीम) : जन्मजात हृदयदोष असलेल्या ग्रामीण बालकांसाठी शस्त्रक्रिया आता पूर्वीइतकी दुर्लभ राहिलेली नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी करतात. दोष आढळल्यास मोठ्या शहरात मोफत शस्त्रक्रिया होते. प्रश्न उरतो तो घरी परतल्यानंतरचा. पालक मुलाला धावू देत नाहीत, गुरुजी कवायतीतून वगळतात. ही भीती स्वाभाविक असली तरी बहुतांशी अनाठायी आहे. अशा बहुतेक मुलांना व्यायामास प्रोत्साहन द्यावे, अशी भूमिका अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्येच घेतली. अर्थात, व्यायाम कोणता व किती, हे तज्ज्ञानेच ठरवावयाचे. काही दोषांत मर्यादा अटळ असतात. मात्र त्यासाठी मालेगावहून (नाशिकच्या नव्हे, वाशीमच्या!) दर आठवड्याला नागपूर गाठणे मजूर कुटुंबास परवडणारे नाही. कोरोनाकाळात रुळलेला दूरस्थ पर्याय येथे उपयोगी ठरावा : पहिली चाचणी रुग्णालयात, पुढील सत्रे मोबाइलवर, बोटाला ऑक्सिमीटर, शेजारी आई. याच कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या रचनेत फिजिओथेरपिस्टचे पद आहे. त्याच्या वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास या मुलांसाठी राखून ठेवता येतील.