करमणुकीच्या फाटकावरचा पहारेकरी

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की वर्तमानपत्रांची पाने वॉटर पार्क आणि थीम पार्कच्या जाहिरातींनी भरून जातात. सुट्या संपल्या की त्याच वर्तमानपत्रांच्या आर्थिक पानांवर यंदा गर्दी वाढली की घटली याचा हिशेब येतो. गर्दी घटली असेल तर पाऊस लवकर आला, तिकीट महागले, पाळणे जुने झाले, मंदी आली. वाढली असेल तर नवा पाळणा बसवला, रस्ता चांगला झाला, शाळांनी सहली नेल्या. ही कारणे खोटी नाहीत. १९७३ च्या तेलसंकटात आणि २००८ च्या मंदीत लोकांनी करमणुकीवरचा खर्च आवरता घेतला. कोरोनाने तर अमेरिकेतले प्रसिद्ध डिस्नेलँड १४ मार्च २०२० पासून ३० एप्रिल २०२१ पर्यंत बंद ठेवले. पण या यादीत एक कारण कधीच सापडत नाही. फाटकातून आत कोणाला घेतले जाते आणि आत घेतल्यावर त्याच्या शेजारी बसायला कोण तयार असते, हे ते कारण.

१९९१ पासून आपल्याला एकच पाठ पढवला जातो आहे : बाजार जात पाहत नाही, बाजार फक्त पैसा पाहतो, तेव्हा सगळे बाजारावर सोडा, समता आपोआप येईल. हा पाठ किती खरा आहे हे तपासायचे असेल तर अमेरिकेतल्या करमणूक उद्यानांचा इतिहास पाहावा. पाळणे चालवून पैसा मिळवणे एवढाच ज्यांचा धंदा, त्यांनीच पैसे घेऊन दारात आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून लावले.

अमेरिकेतली जुनी उद्याने बहुतेक ट्राम कंपन्यांच्या धंद्यातून वाढली. रविवारी कामगार घरी बसला तर ट्राम रिकामी धावणार. म्हणून कंपन्यांनी मार्गाच्या शेवटच्या टोकाला झाडी, तळे, बँड आणि पाळणे उभे केले. तिकीट स्वस्त, प्रवास स्वस्त. गर्दी लोटली. १९२९ च्या महामंदीत यातली पुष्कळ उद्याने बुडाली. जी तगली त्यांना दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा चांगले दिवस आले. 'सर्वांसाठी करमणूक' अशी जाहिरात असायची. पण ही सर्वांची व्याख्या गोऱ्या माणसापाशी संपत होती. अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांना संपूर्ण बंदी होती. काही ठिकाणी वर्षातला एखादा ठरलेला दिवस त्यांना दिला जाई. काही ठिकाणी पाळण्यात बसू देत, पण नाचघरात आणि पोहण्याच्या तलावात पाऊल टाकू देत नसत.

हे 'तलावात नाही' वाचताना आंबेडकरी माणसाला महाड आठवल्यावाचून राहणार नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या विद्यापीठापासून थोडे वर, हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर पॅलिसेड्स नावाचे मोठे उद्यान होते. खाऱ्या पाण्याचा प्रचंड तलाव ही त्याची ख्याती. त्याच तलावात कृष्णवर्णीयांना उतरू देत नाहीत म्हणून १९४७ साली तिथे निदर्शने झाली, कार्यकर्त्यांना मार खावा लागला, अटका झाल्या. पाळण्यात शेजारी बसलेला एक वेळ चालेल, पण एकाच पाण्यात नको! ब्राह्मणी व्यवस्थेने विटाळाला धर्माचे नाव दिले, गोऱ्यांनी आरोग्याचे आणि सभ्यतेचे दिले. रोग एकच. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतले, तर ते तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिन गावी एका मोटेलच्या तलावात काळे आणि गोरे सत्याग्रही एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने त्या पाण्यात आम्ल ओतले. इथे गोमूत्र, तिथे आम्ल. एवढाच फरक.

उद्यानांच्या मालकांना जाब विचारला की ते म्हणत, 'आमच्या मनात काही नाही हो, पण काळ्यांना आत घेतले तर गोरी गिऱ्हाइके येणे बंद होईल. धंदा बसेल.' हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे? गावच्या हॉटेलात आपल्यासाठी वेगळा कप ठेवणारा हॉटेलवाला हेच सांगत असे. 'माझी काही हरकत नाही, पण गावातले लोक चहाला यायचे नाहीत.' बाजार जात पाहत नाही म्हणणाऱ्यांनी या उत्तराचा अर्थ नीट समजून घ्यावा. बाजाराला स्वतःचे डोळे नसतातच. गिऱ्हाइकाचे डोळे तेच बाजाराचे डोळे. गिऱ्हाईक जातीयवादी असेल तर बाजार जातीयवाद विकतो आणि वर त्याला धंद्याची अडचण म्हणतो. म्हणूनच हा प्रश्न मालकाच्या भलेपणावर सोडून चालत नाही. कायदा लागतो, आणि कायद्याला पाय देणारी चळवळ लागते.

ती चळवळ तिथे झाली. राजधानी वॉशिंग्टनच्या सीमेबाहेर मेरीलँड राज्यात ग्लेन एको नावाचे उद्यान होते. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठाचे कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे गेले आणि मेरी-गो-राउंडच्या लाकडी घोड्यांवर जाऊन बसले. पाच जणांना अटक झाली. मग उन्हाळाभर फाटकासमोर निदर्शने चालली. शेजारच्या वसाहतीतले गोरे रहिवासीही फलक घेऊन त्यांच्यासोबत उभे राहिले. महाडला सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे उभे राहिले होते, तसे. अमेरिकन नाझी पक्षाचे लोक विरोधात उतरले. पण मार्च १९६१ मध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा मालकांना फाटक सर्वांना उघडावे लागले. त्या पाच जणांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली रद्द केली.

बाल्टिमोरच्या ग्विन ओक उद्यानासमोर १९५५ पासून निदर्शने सुरू होती. ४ जुलै १९६३ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पाद्री आणि रब्बी यांच्यासह शेकडो लोकांनी तिथे अटक करून घेतली. अखेर २८ ऑगस्ट १९६३ रोजी ते सर्वांना खुले झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनच्या विराट मोर्चासमोर भाषण केले तो हाच दिवस. तिकडे लाखोंचा समुदाय समतेची मागणी करत होता आणि इकडे अकरा महिन्यांची एक कृष्णवर्णीय मुलगी बापाच्या आधाराने लाकडी घोड्यावर बसली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात किंग यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख केला आहे. टीव्हीवर फनटाऊन या उद्यानाची जाहिरात पाहून ती तिथे जायचा हट्ट धरते आणि ते आपल्यासाठी बंद आहे हे तिला सांगताना बापाची जीभ अडखळते. पाळण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी कशाला लढायचे, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. जात लहान मुलाला पहिल्यांदा कळते ती अशाच क्षुल्लक जागी.

आता गर्दीच्या चढउताराकडे येऊ. फाटके उघडली, गिऱ्हाईक वाढले, तर बाजाराच्या नियमाने धंदा वाढायला हवा होता. घडले उलटे. लुईव्हिल हे मुष्टियोद्धा मोहम्मद अलीचे गाव. तिथले फाँटेन फेरी उद्यान त्याच्या सगळ्या बालपणात काळ्यांना बंद होते. ते १९६४ ला उघडले आणि १९६९ च्या हंगामात पहिल्याच दिवशी दंगल झाल्यावर कायमचे बंद झाले. क्लीव्हलँडचे युक्लिड बीच १९६९ ला मिटले. ग्लेन एकोला १९६६ च्या ईस्टरनंतरच्या सोमवारी व्यवस्थापनाने वेळेआधी फाटक लावले, परतीच्या बसही मिळाल्या नाहीत आणि कृष्णवर्णीय मुलांना पायी शहर गाठावे लागले. वाटेत मोडतोड झाली. वर्तमानपत्रांनी मोडतोड मोठी केली, बस का मिळाली नाही हे लहान केले. गोऱ्या कुटुंबांनी पाठ फिरवली आणि १९६८ च्या हंगामानंतर उद्यान बंद पडले.

सगळा दोष वर्णद्वेषाचाच होता असे म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. ग्लेन एकोची ट्राम १९६० सालीच बंद झाली होती. मोटारी वाढल्या, टीव्ही घरोघर आला, शहरातल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. पॅलिसेड्स १९७१ ला बंद झाले आणि त्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. ग्विन ओक १९७२ च्या वादळी पुरात उद्ध्वस्त झाले. पण मोटारीत बसून गोरा मध्यमवर्ग शहर सोडून उपनगरांत का गेला? तिथली घरकर्जे काळ्यांना का नाकारली गेली? 'वस्ती बिघडली' याचा अर्थ काय होता? ही कारणे सोलून पाहिली की आत पुन्हा तोच रंग दिसतो. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराने तर झाकपाकही केली नाही. कोर्टाने नगरपालिकेचे पोहण्याचे तलाव सर्वांना खुले करायला सांगितले, तेव्हा शहराने ते चालवणेच बंद केले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे चालते असा निकाल दिला. वाटून घेण्यापेक्षा स्वतःलाही न मिळालेले बरे, ही त्यामागची वृत्ती. नफ्याच्या गणितात ती बसत नाही. जातीच्या गणितात मात्र बरोबर बसते.

मग गर्दी गेली कुठे? १७ जुलै १९५५ रोजी लॉस एंजलिसपासून दूर, ॲनाहाइमच्या संत्र्यांच्या बागा तोडून डिस्नेलँड सुरू झाले. पहिल्या सात आठवड्यांत दहा लाख माणसे तिथे गेली. १९६१ साली टेक्सासमध्ये आणि १९६७ साली अटलांटाबाहेर सिक्स फ्लॅग्सची उद्याने निघाली. कल्पकता होती, स्वच्छता होती, हे मान्य केले पाहिजे. डिस्नेलँडमध्ये काळ्यांना बंदी नव्हती, हेही खरे. पण ट्रामच्या शेवटच्या थांब्यावरची जागा आता महामार्गाच्या कडेला गेली होती. मोटार नाही, तो वाटेतच गळला. पूर्वी पुष्कळ उद्यानांत फाटकातून फुकट शिरता येई, पैसे पाळण्यापुरते पडत. आता फाटकातच पैसे. 'काळ्यांना प्रवेश नाही' ही पाटी लावायची गरजच उरली नाही. पाटीचे काम अंतराने आणि तिकिटाने केले. अर्कान्सासमधल्या एका तलावाच्या मालकाने तर खासगी क्लब असल्याचे सोंग आणून गोऱ्यांना २५ सेंटमध्ये सभासद करून घेतले आणि काळ्यांना नाकारले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते सोंग उघडे पाडले. पण दूरच्या जागेविरुद्ध आणि महागड्या तिकिटाविरुद्ध कोणत्या कोर्टात जायचे? डिस्नेलँडचे प्रौढांचे प्रवेश तिकीट १९५५ साली एक डॉलर होते, पाळण्यांचे पैसे वेगळे. आज गर्दीच्या दिवशी ते दोनशे डॉलरच्या वर आहे.

आपल्या देशात बाबासाहेबांनी ही लढाई कायद्यात आधीच जिंकून ठेवली आहे. संविधानाचे कलम १५ (२) दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांचे दार कोणालाही धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थानाच्या कारणाने बंद करता येणार नाही असे सांगते. विहिरी, तलाव आणि स्नानघाट त्याच कलमात आहेत. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ नुसत्या प्रवेशापुरता नाही, सेवा मिळण्यापर्यंत आहे, असे स्पष्ट केले होते. अमेरिकेला असा देशव्यापी कायदा करायला १९६४ साल उजाडले. ज्या देशात बाबासाहेब शिकले, त्या देशाच्या चौदा वर्षे आधी त्यांनी आपल्याला हा हक्क दिला. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव १९२३ सालीच झाला होता, महाड नगरपालिकेनेही तो स्वीकारला होता, तरी चालत जाऊन ओंजळ भरेपर्यंत तळे आपले झाले नाही, हेही विसरू नये.

आज आपल्या मुलांना पाळण्यापासून कोणी जात विचारून अडवत नसेल. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकाच्या फाटकावर तिकीट विचारतात, जात नाही. पण चार माणसांच्या कुटुंबाचे तिकीट, गाडीभाडे आणि आतले जेवण यांचा हिशेब घरकाम करणाऱ्या बाईने किंवा सफाई कामगाराने करून पाहावा. या देशात गरिबी जातीच्या पायऱ्यांवरून खाली वाहत आली आहे. म्हणून तिकिटाच्या खिडकीवर जात न विचारताही पुष्कळदा कळते.

याचा अर्थ थीम पार्कवर मोर्चा काढा असा नाही. खासगी पाळणे ज्यांना परवडतात त्यांनी खुशाल बसावे. आपल्या शिकलेल्या, नोकरीतल्या बांधवांनीही मुलांना ताठ मानेने न्यावे. पण नगरपालिकेची उद्याने, मैदाने, पोहण्याचे तलाव ही आपली चवदार तळी आहेत. ती क्लबला किंवा ठेकेदाराला चालवायला दिली आणि शुल्क वाढले, की आपल्या वस्तीची मुले न बोलता बाहेर पडतात. असा ठराव नगरपालिकेपुढे आला की आपले नगरसेवक काय बोलतात, हे आपण विचारले पाहिजे. सामाजिक न्यायाच्या निधीतून चालणाऱ्या वसतिगृहांतल्या मुलांची वर्षाची एक सहल खरोखर निघते का, हेही विचारले पाहिजे.

गर्दी किती झाली हे मालक मोजतील. चळवळीने फाटकाबाहेर कोण उभे आहे ते मोजावे.