काटर, हातोडी आणि कार्यानुभवाचा तास

सायकलचा क्रँक घरच्या घरी, खास अवजाराशिवाय काढता येतो का, असं पुण्याच्या भाच्याने फोनवर विचारलं. मी म्हटलं, आधी कोणत्या सायकलचा ते सांग. तर म्हणतो, "मामा, सायकल म्हणजे सायकल!" इथेच तर सगळा घोटाळा आहे. फोनवर एवढं सांगणं जमेना म्हणून इथे लिहितोय. नातलग मंडळींपैकी ज्यांना नट-बोल्टात गोडी नाही, त्यांनी मधला भाग सोडून शाळेपर्यंत यावं. मला जे म्हणायचंय ते तिथे आहे.

पायडल ज्या दांडीच्या टोकाला बसतं ती दांडी म्हणजे क्रँक. डाव्या-उजव्या दोन्ही दांड्या मधल्या आडव्या आसावर बसतात. आपल्याकडच्या काळ्या, दणकट सायकलींत ही दांडी आसावर एका छोट्या पोलादी पाचरीने अडकवलेली असते. ती कॉटर पिन. आमच्या वऱ्हाडात तिला सरळ 'काटर' म्हणतात. (मराठीत 'पाचर मारणे' म्हणजे चाललेलं काम अडवणे. सायकलीत मात्र पाचर मारल्याशिवाय काम चालतच नाही. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, अशा गोष्टी दिसल्या की राहवत नाही. असो.)

ही रचना मुळात इंग्रजांकडची. १९४९ साली मद्रासला टी.आय. सायकल्स आली, १९५१ ला सोनिपतला ॲटलस, १९५६ ला लुधियानाला हीरो. या सगळ्यांनी तोच साचा उचलला. हीरोचं नाव तर १९८६ मध्ये जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात गेलं. म्हणजे किती काटर या देशात ठोकले गेले असतील, विचार करा.

काटरची खुबी अशी की तो एका बाजूने तिरपा घासलेला असतो. ती सपाट बाजू आसाच्या खाचेवर टेकते. बारीक टोकाला आटे असतात, त्यावर वायसर आणि नट. पुष्कळांना वाटतं की नट आवळला की काटर घट्ट बसतो. तसं नाही. घट्ट बसतो तो हातोडीने, नट फक्त त्याला मागे सरकू देत नाही. त्यामुळे नट काढला म्हणजे काटर सुटेल ही आशाही व्यर्थ.

काढायचं कसं? आदल्या रात्री दोन्ही टोकांना तेल किंवा रॉकेल सोडून ठेवावं. सकाळी दांडी आडवी करावी, काटरचं आटे असलेलं टोक वर येईल अशी. नट पूर्ण न काढता टोकाशी समपातळीत आणावा, म्हणजे आटे चेपत नाहीत. मग फूटभर लांबीचा जाड लोखंडी पाइप दांडीखाली जमिनीवर उभा करावा. त्याचं भोक एवढं हवं की काटरचं डोकं त्यात सहज उतरेल. हा पाइप म्हणजे तुमची ऐरण. ती नसेल तर घातलेला प्रत्येक घाव बेअरिंगच्या छर्‍यांवर आणि त्यांच्या वाट्यांवर जातो, काटर जिथल्या तिथे राहतो. घरातल्या टाईल्सवर हा उद्योग करू नये. अंगण, दगड किंवा सिमेंटचा ओटा बरा. आणि दुसऱ्या कोणाला सायकल धरायला सांगावं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री बसायचे. त्यांना मी एकदा विचारलं होतं, तुमचा काटर एका घावात कसा निघतो हो? म्हणाले, "गुरुजी, दहा टोले मारन्यापरीस एकच मारा लागते जी. लहान लहान टोल्यानं त्याचं टोक फुलते, मंग थो काही केल्या निंगत नाही." यात खोट काही नाही. हलक्या ठोक्यांनी टोक छत्रीसारखं पसरतं आणि भोकात अडकतं. वजनदार हातोडी आणि सरळ घाव हवा.

नवा काटर घालताना दोन गोष्टी. डावा-उजवा काटर एकमेकांच्या उलट दिशेने घालायचे. एकाच दिशेने घातले तर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि चालवताना पाय लंगडतो. दुसरं, ठोकून झाल्यावर नट आवळा, थोडं चालवा, परत ठोका, परत आवळा. सैल काटरवर सायकल चालवणं मात्र वाईट. पायडल वरून खाली जायला लागलं की 'टक्' असा आवाज येतो, तेव्हाच थांबावं. काटर स्वस्त असतो आणि झिजणं हे त्याचंच काम आहे. पण दुर्लक्ष केलं तर आसाची खाच झिजते, आणि मग सगळा आसच बदलावा लागतो.

आता भाच्याची सायकल. ती गिअरवाली, त्यात काटर नाहीच. चौकोनी, निमुळत्या आसावर ॲल्युमिनियमची दांडी दाबून बसवलेली, समोरून एक बोल्ट. बोल्ट काढला तरी दांडी हलत नाही. तिच्यात २२ मिलिमीटरचे आटे असतात, त्यात बसणारा पुलर लावून ती ओढून काढायची. लोक काय करतात? बोल्ट ढिला करून सायकल चालवतात, दांडी आपोआप सुटते. सुटते हे खरं, पण मऊ धातूचं चौकोनी भोक त्यात चेपलं जातं आणि पुढे ती दांडी कधीच घट्ट बसत नाही. कोणी मागून हातोडी घालतात, त्याबद्दल न बोललेलंच बरं. पुलर काही फार महाग नाही, तोच घ्यावा. लावताना बोल्टखालचा वायसर आत राहिला नाही ना हे बघावं आणि पुलर पूर्ण आटे बसेपर्यंत फिरवावा. अर्धवट बसवून ओढला तर दांडीचे आटेच निघून येतात.

'जुगाडाने सगळं होतं' ही आपली फुशारकी मला फारशी पटत नाही, ती यामुळे. काटरची सायकल हातोडीसाठीच घडवलेली आहे, तिथे हातोडी हेच योग्य अवजार. दुसरीकडे ते अडाणीपण. पण याच्या उलट टोकाचे लोकही आहेत, जे कशालाच हात लावत नाहीत. शिकलेल्या माणसाने पाना हातात धरला तर जणू त्याची पदवी गळून पडते! मला जास्त काळजी या दुसऱ्या टोकाची वाटते.

आमच्या नात्यातली एक पोरगी दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात राहते, नववीत आहे. तिला मिळालेली सायकल चार दिवस घराच्या भिंतीला टेकून उभी होती आणि चार दिवस तिची शाळा बुडाली. बिघाड काय, तर डावा काटर सैल. गावात दुकान नाही. बापाला विचारलं तर म्हणाला, "सरकारी सायकल हाय जी, आपण खोलून पाह्यली अन् बिघडली त?" मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळत आल्या आहेत, आणि ही गोष्ट मला मनापासून चांगली वाटते. पण देणाऱ्याचं काम देण्यापाशी संपतं, पुढे ती सायकल मुलीची आणि तिच्या घराची. चार दिवस बुडाले तर कोणी हाक मारत नाही. पंधरा दिवस बुडाले की घरात वेगळीच बोलणी सुरू होतात, आणि मुलीच्या बाबतीत ती बोलणी कुठे जातात ते आपण सगळे जाणतो.

त्यात आपला मुलूख सायकलीला कठीण. पावसाळ्यात काळी माती चाकाला, चेनला, बीबीला अशी लिंपून बसते की सायकल ढकलायचीही सोय राहत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडची गावं. तिथे बोअरच्या खाऱ्या पाण्याने सायकल धुतली की गंज धरलाच. तिकडचे काटर जास्त जाम होतात हे माझं पाहण्यातलं आहे. आणि रस्ते म्हणाल तर अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून २०२२ साली विश्वविक्रम झाला. ते काम सुरू झालं ३ जूनला. तोच जागतिक सायकल दिन, आणि २०२० साली त्याच तारखेला ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला होता. योगायोग, दुसरं काय. पण त्या पोरीचा रस्ता काही महामार्ग नाही, पांदण आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे शाळेत शिकवावं. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे शेजारीच, वर्ध्याला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावं असं ठरलं. त्याचं पुढे होत होत आमच्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाचा तास उरला, आणि त्या तासाला कागदी फुलं, तोरणं आणि शुभेच्छापत्रं. मी फुलांच्या विरोधात नाही. पण ज्या शाळेच्या आवारात पन्नास सायकली उभ्या आहेत, तिथे त्या तासाला सायकल खोलायला काय हरकत आहे? पाचर शिकवायला भौतिकशास्त्र, गंज शिकवायला रसायनशास्त्र, सगळं दारात उभं आहे. विमानाचा धडा आम्ही शिकवतो, पण राईट बंधू १८९२ पासून डेटन गावात सायकलीचं दुकान चालवत होते, हे सांगताना आमच्या आवाजात जोर नसतो.

यावर एक आक्षेप येतोच, मुलींच्या हातात हातोडी? बोट चेपलं तर जबाबदार कोण? बोट चेपू शकतं, हे मान्य. पण याच मुली घरी कुऱ्हाडीने सरपण फोडतात, विळ्याने कडबा कापतात, तेव्हा कोणी विचारत नाही.

शाळेला लागणारं सामान मी कागदावर मांडून बघितलं. दोन-तीन मापांचे पाने, एक वजनदार हातोडी, फूटभर पाइपचा तुकडा, ग्रीसचा डबा, तेलाची बाटली, कानस, आणि डझनभर काटर. काटर घेताना जुना नमुन्याला न्यावा, कारण जाडीत थोडाही फरक चालत नाही, आणि तिरपी बाजू नीट बसत नसेल तर कानशीने जराशी घासून घ्यावी लागते. गिअरच्या सायकली आता गावातही दिसू लागल्यात, तेव्हा एक पुलरही ठेवावा. माझ्याकडचा पाइपचा तुकडा आणि जुनी हातोडी मी द्यायला तयार आहे. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या शाळेत कोणी ओळखीचं असेल तर कळवा, दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस येऊन जाईन.